इंजिन ऑइलची गळती परत परत होते? शोध वरून सुरू करा

पॅकिंग बदललं, सील बदललं, तरी दोन-तीन महिन्यांत गाडीखाली पुन्हा तोच काळा डाग. अशा बहुतेक गाड्यांमध्ये नवीन भाग खराब निघालेला नसतो. थेंब जिथे पडतो तिथेच दोष आहे असं धरून काम झालेलं असतं. ऑइल सुटतं एका जागी, इंजिनच्या अंगावरून ओघळतं, चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे ढकललं जातं आणि भलत्याच बोल्टच्या टोकावरून ठिबकतं. म्हणून खालचा थेंब पाहून काहीही उघडू नका.

पुढची माहिती आडवं इंजिन आणि पुढच्या चाकांना ओढ असलेल्या लहान पेट्रोल गाड्या समोर ठेवून दिली आहे. डिझेलमध्ये जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

लक्षणं

- पार्किंगच्या जागी तपकिरी किंवा काळे, बोटाला बुळबुळीत लागणारे डाग.
- घाट चढून आल्यावर किंवा सिग्नलला थांबल्यावर जळक्या तेलाचा वास, कधी बॉनेटच्या फटीतून धूर. ऑइल तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनमधून जळका धूर बाहेर नेणाऱ्या नळकांड्यावर) पडत असल्याची ही खूण आहे.
- दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये डिपस्टिकवरची (ऑइल मोजायच्या पट्टीवरची) पातळी उतरणं.
- इंजिन अडखळणं, आणि कॉइल (स्पार्क प्लगला वीज देणारा भाग) काढल्यावर स्पार्क प्लगच्या खोबणीत ऑइल साचलेलं दिसणं.
- चढावर इंजिनचे फेरे वाढतात पण गाडी पुढे जात नाही, म्हणजे क्लच घसरतो.
- वळणावर किंवा ब्रेक दाबताना ऑइल प्रेशरचा लाल दिवा लुकलुकणं.

शेवटचं लक्षण दिसलं तर गाडी तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. पातळी इतकी खाली गेलेली असू शकते की ऑइल एका बाजूला सरकलं की पंप हवा ओढतो. तशा अवस्थेत आणखी थोडं अंतर चालवलं तरी बेअरिंग जाऊ शकतात.

पातळी उतरते पण खाली एकही थेंब नाही, इंजिनही बाहेरून कोरडं आहे, आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, तर ऑइल आत जळतंय. तो पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलचा प्रश्न आहे आणि खालच्या तपासण्यांनी तो सुटणार नाही.

हे इंजिन ऑइलच आहे ना?

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरा आणि त्यावर पुढच्या दोन्ही चाकांच्या जागा खडूने आखा. सकाळी थेंब कुठे पडले ते त्या खुणांवरून मोजता येतं. रंगहीन, बिनवासाचं पाणी एसीचं असतं, ते सोडून द्या. हिरवट, गुलाबी किंवा निळसर, चिकट आणि गोडसर वासाचा द्रव म्हणजे कूलंट. लालसर असेल तर पॉवर स्टीअरिंग किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. गिअर ऑइल घट्ट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. हा वास ओळखता येणं पुढे फार उपयोगी पडतं. चाकाच्या आतल्या बाजूला किंवा पेडलच्या रेषेत पातळ, पिवळसर द्रव दिसला आणि ब्रेक ऑइलची पातळी उतरलेली असली तर गाडी चालवून गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि मग पातळी वाचा. वरच्या खुणेच्या वर ऑइल असेल तर तेही गळतीचं कारण होऊ शकतं. लहान पेट्रोल इंजिनात साधारण तीन-साडेतीन लिटर ऑइल मावतं, पण सर्व्हिसिंगला चार लिटरचा कॅन उघडला की तो सगळा ओतण्याचा मोह होतो. जास्त भरलेलं ऑइल क्रँकशाफ्ट (इंजिनच्या पोटात फिरणारा मुख्य दांडा) घुसळतो, फेस होतो, आणि इंजिनातला वायू बाहेर नेणाऱ्या नळीतून व सीलमधून ते बाहेर यायला लागतं. अशा वेळी जादा ऑइल काढून पातळी दोन खुणांच्या मध्ये आणणं एवढाच उपाय पुरतो.

नंतर ऑइल भरायचं झाकण पाहा. त्याच्या आतली रबर रिंग दाबल्यावर लवचिक लागते का? कडक, चपटी किंवा चिरलेली असेल तर नवीन झाकण घ्या. सर्व्हिसिंगला आठवडाही झाला नसेल तर भरताना सांडलेलं किंवा फिल्टर काढताना ओघळलेलं ऑइलच खाली येत असण्याची शक्यता मोठी असते. पुसा, आणि दोन दिवसांनी पुन्हा पाहा.

पीसीव्ही व्हॉल्व्ह: सील बदलण्याआधी ही तपासणी हवीच

सील वारंवार का जातात याचं उत्तर अनेकदा इथे मिळतं, तरीही हीच तपासणी सर्वांत जास्त वेळा राहून जाते.

प्रत्येक स्फोटात थोडा वायू पिस्टन रिंगांच्या बाजूने निसटून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्ट असलेल्या इंजिनच्या खालच्या पोकळीत, उतरतो. तो पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) व्हॉल्व्हमधून इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेत, ओढला जातो आणि पुन्हा जळतो. हा मार्ग तुंबला की इंजिनच्या पोटात दाब साठतो आणि जिथे सील सगळ्यांत कमजोर आहे तिथून ऑइल बाहेर ढकलतो. तुम्ही ते सील बदललं की दाब दुसरं कमजोर सील शोधतो. गळती एका जागी थांबून दुसऱ्या जागी सुरू झाली असेल तर आधी संशय याच व्हॉल्व्हवर घ्या.

व्हॉल्व्ह बहुधा टॅपेट कव्हरवर (इंजिनच्या अगदी वरच्या झाकणावर) असतो आणि त्याला इनटेककडे जाणारा जाड रबरी पाइप जोडलेला असतो. इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) चालू ठेवून पाइपसकट व्हॉल्व्ह कव्हरमधून बाहेर ओढा आणि त्याच्या तोंडावर बोट ठेवा. बोट ओढलं गेलं पाहिजे. ओढ नसेल तर पाइप चिरलाय किंवा व्हॉल्व्ह अडकलाय. इंजिन बंद करून व्हॉल्व्ह हलवला की आत खुळखुळ आवाज यायला हवा. आवाज नसेल तर नवीन घाला, भाग स्वस्त आहे. पाइपही आतून पाहा, कारण काळा चिखल बसून तो अर्धा बुजलेला असतो. बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये हा व्हॉल्व्ह कव्हरमध्येच बसवलेला असतो आणि त्याचा पातळ पडदा फाटला की इंजिनातून शिट्टीसारखा आवाज येतो. अशा काही गाड्यांत अख्खं कव्हरच बदलावं लागतं.

दुसरी चाचणी कागदाची. आयडलवर ऑइलचं झाकण काढा आणि तोंडावर पातळ कागद ठेवा. पेट्रोल इंजिनात तो हलका ओढला जावा किंवा जागीच थरथरावा. वर उडत असेल तर आत दाब आहे. डिझेलमध्ये थोडा फुंकर असतो, त्यामुळे कागद उडाला म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका; फुंकर जोरात आणि धुरासह येत असेल तरच तो दोष माना. चाचणी करताना सैल कपडे, ओढणी आणि हात पट्ट्यांपासून व पंख्यापासून लांब ठेवा.

पीसीव्ही नीट आहे आणि तरी दाब आहे, म्हणजे रिंग झिजल्या आहेत. आता कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) तपासून घेतल्याशिवाय कोणत्याही सीलवर पैसे घालू नका, नवीन सीलही टिकणार नाही.

झाकणाच्या आत पिवळट-पांढरी मलई दिसली की लोक हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधलं पॅकिंग) गेली म्हणून घाबरतात. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत, विशेषतः पावसाळ्यात, इंजिन पुरतं तापत नाही आणि आतली वाफ ऑइलमध्ये मिसळून अशी मलई होते. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंटची पातळी स्थिर असेल तर हायवेवर अर्धा-पाऊण तास गाडी चालवा आणि पुन्हा पाहा. मलईने पीसीव्हीचा पाइप बुजलेला असू शकतो, तो मात्र साफ करा.

धुवा, पावडर मारा, मग पाहा

जुन्या चिकट थरावर ताजी गळती ओळखता येत नाही, म्हणून इंजिन धुणं हा तपासणीचाच भाग आहे. इंजिन थंड असताना अल्टरनेटर, कॉइल, फ्यूज बॉक्स आणि हवेच्या फिल्टरचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधा. पाण्यात धुतला जाणारा डिग्रीझर मारा, दहा मिनिटं थांबा, ब्रशने घासा आणि कमी दाबाच्या पाण्याने धुवा. गॅरेजमध्ये डिझेल किंवा रॉकेलचा फवारा मारतात. तो वापरला तर पूर्ण सुकल्याशिवाय इंजिन चालू करू नका. पेट्रोलने कधीच धुऊ नका.

सुकल्यावर संशयाच्या जागी अंगाला लावायची साधी टाल्कम पावडर भुरभुरा: टॅपेट कव्हरची कड, फिल्टरभोवती, चेंबरची (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याची) कड, गिअरबॉक्सचा सांधा. आधी दहा मिनिटं आयडलवर चालवून टॉर्चने पाहा. नंतर पंधरा-वीस किलोमीटर चालवून पुन्हा पाहा, कारण ऑइल तापून पातळ झाल्यावरच काही गळती दिसतात. पावडरवर ओली रेघ उठते. त्या रेघेचं सर्वांत वरचं टोक शोधा. दोष त्याच जागी असतो. इंजिनच्या मागच्या बाजूला डोकं जात नाही तिथे मोबाइल टॉर्च लावून व्हिडिओ काढा.

एवढं करूनही जागा मिळाली नाही तर ऑइलमध्ये टाकायचा चमकणारा रंग आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्च घ्या. अंधारात गळतीची जागा पिवळी-हिरवी चमकते. किचकट, सावकाश गळतीत ही युक्ती तासन्तास वाचवते.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग

वर्षं झालेल्या गाडीत सगळ्यांत जास्त वेळा गळणारी जागा हीच. रबर उष्णतेने कडक होतं आणि बोटाने दाबलं तर प्लास्टिकसारखं लागतं. कव्हरच्या मागच्या कडेने निघालेलं ऑइल ब्लॉकच्या अंगावरून थेट गिअरबॉक्सच्या सांध्यापर्यंत जातं आणि तिथे ठिबकतं. म्हणूनच शेकडो रुपयांच्या पॅकिंगऐवजी अनेकांना क्रँकचं मागचं सील बदलण्याचा, म्हणजे गिअरबॉक्स उतरवण्याचा, सल्ला मिळतो. वरचं कव्हर कोरडं असल्याची खात्री होईपर्यंत तो सल्ला मान्य करू नका.

बोल्ट आवळून हा दोष जात नाही. बोल्ट हाताने फिरण्याइतका सैल असेल तर एकदा आवळा, त्यापलीकडे नको. पत्र्याचं कव्हर जास्त आवळलं की बोल्टजवळ दबतं आणि दोन बोल्टांच्या मध्ये उचललं जातं, प्लास्टिकचं तडकतं. कडक झालेलं रबर दाबून मऊ होत नाही.

बदलायचं असेल तर इंजिन थंड हवं. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा, कॉइल आणि पाइपांना चिकटपट्टीने क्रमांक द्या. बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे सैल करा. कव्हर चिकटलं असेल तर रबरी हातोडीने कडेला हलके ठोका. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं की ॲल्युमिनियमच्या फेसवर चर पडतो आणि तिथून कायम गळतं. फेस प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून ब्रेक क्लीनर मारलेल्या फडक्याने पुसा, कचरा आत पडू देऊ नका. पॅकिंगसोबत प्लगच्या खोबणीची गोल सील आणि बोल्टखालचे रबरी वायसरही नवीन घ्या. प्लगची सील जुनीच ठेवली तर काही महिन्यांत कॉइल ऑइलने खराब होते आणि सगळं काम पुन्हा करावं लागतं.

रबरी पॅकिंग कोरडंच बसवायचं. सिलिकॉन पेस्ट फक्त कोपऱ्यांत, जिथे टायमिंग कव्हर हेडला मिळतं किंवा कॅमच्या कॅपचा अर्धगोल येतो, तिथे हरभऱ्याच्या डाळीएवढी. पूर्ण कडेला पेस्ट फासली की पॅकिंग घसरतं, आणि आत तुटलेले पेस्टचे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. बोल्ट मधून बाहेर, दोन फेऱ्यांत आवळा. बऱ्याच गाड्यांत टॉर्क (बोल्ट आवळण्याचा जोर) ८ ते ११ न्यूटन-मीटर इतका कमी असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. पेस्टच्या ट्यूबवर लिहिलेला वाळण्याचा वेळ पूर्ण होईपर्यंत इंजिन चालू करू नका.

फिल्टर, प्रेशर स्विच आणि लहान ओ-रिंग

सर्व्हिसिंगनंतर लगेच जोराची गळती सुरू झाली तर फिल्टर पाहा. जुन्या फिल्टरची रबर रिंग इंजिनला चिकटून राहते आणि नवीन फिल्टर तिच्यावरच चढवला जातो. दोन रिंगा एकमेकींवर घसरतात आणि दाबाखाली मिनिटांत इंजिन रिकामं होऊ शकतं. जुनी रिंग काढा, नवीनला ऑइलचा हात लावा, रिंग टेकेपर्यंत हाताने फिरवा आणि मग साधारण पाऊण फेरा. फिल्टरवर आकडा छापलेला असेल तर तो पाळा. पान्याने आवळू नका.

ऑइल प्रेशर स्विच फिल्टरच्या आसपास किंवा ब्लॉकवर असतो. त्याचा कनेक्टर काढा. आत ऑइल दिसलं तर स्विचचा पडदा फाटलाय. भाग स्वस्त असला तरी दुर्लक्ष करू नका, कारण त्याच्या मागे पंपाचा पूर्ण दाब असतो.

कॅम सेन्सर, व्हीव्हीटी (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा) सोलेनॉइड, डिपस्टिकची नळी आणि जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटर, या सगळ्यांना एकेक ओ-रिंग असते. उघडायला सोपं, भाग कमी किमतीचा. ओ-रिंग ऑइलला टिकणारी आणि अचूक मापाचीच हवी. पाण्याच्या नळाची रिंग फुगून फाटते.

गाडीखाली जायचं काम

सपाट, कठीण जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना अडण्या, आणि जॅक स्टँड. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका.

ड्रेन बोल्टचा वायसर प्रत्येक ऑइल बदलाला नवीन हवा. तो दबून सील होतो, दुसऱ्यांदा तितका दबत नाही. नव्या वायसरनेही ठिबकत असेल तर आटे पाहा. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जास्त आवळून सहज जातात. तिथे टेफ्लॉन टेप किंवा एम-सील लावून वेळ मारून नेऊ नका, आटे दुरुस्त करून घ्या.

चेंबरची कड ओली असेल आणि वरचं सगळं कोरडं असेल, तरच चेंबर काढायचा विचार करा. बऱ्याच गाड्यांत तिथे पॅकिंग नसून फक्त सिलिकॉन असतं. जुनं सिलिकॉन पूर्ण निघालं, फेस कोरडा झाला आणि सलग, एकसारखी रेघ पडली, तरच सांधा टिकतो. स्पीडब्रेकरचा मार बसून चेंबर दबलेला असेल तर फेस वाकडा होतो. कोकण किनाऱ्यावरच्या गाड्यांत खारट हवेने पत्र्याच्या चेंबरला गंजून सुईएवढी भोकं पडतात. तिथे रंगाखाली फुगा दिसला की चेंबरच बदला.

इथे थांबा आणि जाणकार मेकॅनिककडे द्या

पट्ट्यांच्या बाजूला, क्रँक पुलीच्या मागे ओल असेल तर क्रँकचं पुढचं सील किंवा टायमिंग कव्हर गळतंय. टायमिंग बेल्ट असलेल्या गाडीत बेल्टवर ऑइल पडलं की तो सोलून तुटतो, आणि अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. सील आणि बेल्ट एकत्रच बदलायचे. टायमिंगची खूण एक दात जरी चुकली तरी नुकसान मोठं, त्यामुळे हे काम सवय असलेल्या हातांनीच व्हावं.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याच्या तळातून ठिबकतंय, वरचं सगळं पावडर-चाचणीत कोरडं आहे आणि थेंबाला गंधकाचा वास नाही, तर क्रँकचं मागचं सील. वास असेल तर गिअरबॉक्सचं सील. दोन्हींसाठी गिअरबॉक्स उतरतो आणि मजुरी काही हजारांत जाते. क्लच ऑइलने भिजलेली असेल तर ती धुऊन पुन्हा वापरता येत नाही, त्याच वेळी बदला.

पुढची लक्षणं असतील तर गाडी चालवतच नेऊ नका: मॅनिफोल्डवर ऑइल पडून सतत धूर, ऑइलचा लाल दिवा, कूलंटच्या टाकीत चॉकलेटी चिखल, किंवा धारेसारखी गळती. टर्बो डिझेलमध्ये टर्बोच्या ऑइल पाइपांभोवती ओल दिसली तरी थांबा. तिथला पुरवठा अडला तर टर्बो लवकर जातो.

गळती थांबवणारी बाटली ऑइलमध्ये ओतू नका, निदान कारण कळेपर्यंत तरी. ती कडक झालेलं रबर थोडं फुगवते, तडकलेल्या चेंबरवर, सिलिकॉनच्या सांध्यावर किंवा तुंबलेल्या पीसीव्हीवर तिचा काही उपयोग नाही. तसंच ५डब्ल्यू-३० या पातळ ऑइलच्या जागी २०डब्ल्यू-५० हे घट्ट ऑइल भरून गळती कमी करण्याचा सल्लाही घेऊ नका. घट्ट ऑइल थंड इंजिनात वर पोचायला वेळ लावतं, आणि बारीक वाटांची व्हीव्हीटी यंत्रणा त्यावर नीट चालत नाही.

गॅरेजला नेताना पावडर-चाचणीचे फोटो, पुठ्ठ्यावरचा नकाशा आणि पीसीव्हीच्या चाचणीचा निकाल सोबत न्या. काम सुरू होण्याआधी गळतीचं सर्वांत वरचं टोक तुमच्यासमोर दाखवायला सांगा आणि काढलेले जुने भाग परत मागा. दुरुस्तीनंतर इंजिन धुवून घ्या, ५० किलोमीटरनंतर आणि पुन्हा ५०० किलोमीटरनंतर सांधा व डिपस्टिक तपासा. काढलेलं जुनं ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नका, जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजच्या ड्रममध्ये द्या.